मांजराच्या इन्सुलिनचा डोस घरी कसा ठरतो

मधुमेही मांजर असलेल्या घरात सकाळी ग्लुकोमीटरवर ३४० असा आकडा दिसला की मनात पहिला विचार येतो तो डोस वाढवण्याचा. जेवणाआधी साखर मोजून त्यानुसार कमीजास्त युनिटे टोचून घेणारे कोणी ना कोणी आपल्या नात्यात असतेच, त्यामुळे हा विचार स्वाभाविकही वाटतो. मांजराच्या बाबतीत मात्र सकाळच्या आकड्यावरून डोस वाढवता येत नाही. तो निर्णय दिवसातल्या सर्वांत खालच्या आकड्यावरून होतो, आणि तो आकडाही एकच डोस सलग काही दिवस दिल्यानंतर घेतलेला असावा लागतो. घरी करायच्या नोंदी, घरी ओळखायचे धोके आणि पशुवैद्याशी होणारे बोलणे या सगळ्यांचा आधार हाच आहे.

मांजरांचा मधुमेह बहुतांशी माणसांच्या टाइप २ प्रकारासारखा असतो. वय आणि वजन वाढलेले, घराबाहेर न पडणारे, नसबंदी झालेले बोके त्यात अधिक आढळतात. शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही, स्वादुपिंडावरचा ताण वाढत जातो, आणि रक्तातली साखर सतत चढी राहिली की तीच साखर इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना आणखी दुबळे करते. बाहेरून इन्सुलिन देऊन हे चक्र वेळेत थांबवले तर त्या पेशी काही प्रमाणात सावरतात. साखर साधारण २५० ते २९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही; ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. मग पाण्याचे भांडे सारखे रिकामे होते, लिटर ट्रेमधली ढेकळे मोठी होतात, आणि खाणे वाढूनही पाठीचा कणा हाताला लागू लागतो. काही मांजरे मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागतात, कारण चढी साखर पायांच्या नसांना इजा करते. उपचार लागू पडत आहे की नाही हे ठरवताना ही लक्षणे आकड्यांइतकीच महत्त्वाची असतात. आकडे मध्यम असले, पण मांजर पाणी कमी पिऊ लागले आहे, त्याचे वजन घटायचे थांबले आहे आणि ते पुन्हा अंग चाटून स्वच्छ करू लागले आहे, तर डॉक्टर सहसा डोस वाढवण्याची घाई करत नाहीत.

मांजरांसाठी मुख्यतः ग्लार्जिन, प्रोझिंक आणि कॅनिन्सुलिन ही इन्सुलिने वापरली जातात. आपल्याकडे औषधांच्या दुकानात सहज मिळते ते माणसांचे ग्लार्जिन, म्हणजे लँटस किंवा बेसालॉग. हे द्रव्य बाटलीत आम्लधर्मी असते. त्वचेखालच्या वातावरणात गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण साकळतात आणि तिथून ते हळूहळू रक्तात विरघळत राहते. त्यामुळे त्वचेखाली एक साठा तयार होतो, आणि डोस बदलला तरी त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात. नळाची धार कमीजास्त केली तरी टाकीतली पातळी सावकाशच बदलते, तसे हे आहे. सोमवारी वाढवलेल्या डोसचे फळ मंगळवारी मोजायला गेले आणि साखर अजून चढीच दिसली म्हणून बुधवारी पुन्हा वाढवले, तर शुक्रवारपर्यंत दोन्ही वाढींचा परिणाम एकदम अंगावर येऊ शकतो. घरातल्या आजोबांचे मिश्र इन्सुलिन शीतकपाटात आहेच, तेच थोडेसे देऊन पाहावे, असा मोह मात्र मुळीच होऊ देऊ नये. मिश्र इन्सुलिनमधला जलद भाग मांजराची साखर अचानक खाली आणतो.

सुरुवातीचा डोस मांजराच्या आदर्श वजनाच्या दर किलोमागे ०.२५ ते ०.५ युनिट असा, दर १२ तासांनी, काढला जातो. येथे आदर्श वजन म्हणजे त्याचे जे वजन असायला हवे ते; लठ्ठ बोक्याचे आजचे वजन धरले तर डोस जास्त होतो. प्रत्यक्षात बहुतेक मांजरांची सुरुवात सकाळी १ आणि संध्याकाळी १ युनिटाने होते, क्वचित २ युनिटांनी. पहिला आठवडा साखर चढी राहिली तरी डोस वाढवायचा नसतो. त्या आठवड्यात मोजमाप करायचे ते साखर फार खाली तर जात नाही ना, एवढेच पाहण्यासाठी. ती खाली गेली तर डोस त्याच दिवशी कमी करायचा; वाढ मात्र थांबून, दर ५ ते ७ दिवसांनी, अर्ध्या युनिटाने. कमी करण्याची घाई चालते आणि वाढवण्याची चालत नाही, कारण काही दिवस चढी राहिलेली साखर मांजराला त्रास देते, पण एकदाच फार उतरलेली साखर काही तासांत जीव घेऊ शकते.

आता सिरिंजविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण भारतात या एका गोष्टीत मोठी गफलत होऊ शकते. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळते : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटे आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिटे. ४० च्या बाटलीसाठी लाल टोपणाची सिरिंज असते, १०० च्या बाटलीसाठी केशरी टोपणाची. ग्लार्जिन साधारणपणे १०० चे असते, तर प्रोझिंक आणि कॅनिन्सुलिन ४० चे. केशरी सिरिंजवरची एका युनिटाची खूण ०.०१ मिलिलिटर दाखवते आणि लाल सिरिंजवरची तीच खूण ०.०२५ मिलिलिटर. म्हणजे ग्लार्जिन लाल सिरिंजमध्ये १ च्या खुणेपर्यंत भरले, तर मांजराला १ ऐवजी अडीच युनिटे जातात. उलट चूक झाली तर ठरलेल्या डोसपैकी जेमतेम ४० टक्के भाग पोहोचतो आणि साखर का उतरत नाही याचे कोडे आठवडाभर सुटत नाही. दुकानात नुसती ‘इन्सुलिनची सिरिंज’ मागितली तर त्या दिवशी समोर असेल ती हातात पडते, म्हणून बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा प्रत्येक नव्या पाकिटाच्या वेळी शेजारी शेजारी धरून पाहावा, आणि डोस कोणत्या सिरिंजने द्यायचा हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

अर्धे युनिट म्हणजे १०० च्या इन्सुलिनचे केवळ ०.००५ मिलिलिटर. एवढ्या मापात हवेचा एखादा बुडबुडाही डोसचा मोठा हिस्सा खातो. यासाठी ०.३ मिलिलिटरची, अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेली बारीक सिरिंज शोधावी. ती न मिळाल्यास अर्ध्या युनिटाच्या टप्प्याने चालणारे, मुख्यतः लहान मुलांसाठी बनवलेले इन्सुलिन पेन वापरता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. सिरिंज उजेडात डोळ्यांसमोर आडवी धरावी आणि काळ्या रबराची सुईकडची कड खुणेवर आली आहे का ते पाहावे. डोस मोजायला सोपा जावा म्हणून ग्लार्जिनमध्ये पाणी किंवा सलाइन मिसळणे पूर्णपणे चूक आहे; त्याची आम्लता बदलते आणि ते बाटलीतच साकळते. टोचताना मानेपेक्षा बरगडीच्या किंवा कुशीच्या बाजूची चामडी चिमटीत धरावी आणि रोज जागा थोडी बदलावी. टोचून झाल्यावर फर ओली लागली आणि औषधाचा उग्र वास आला, तर काही भाग बाहेर सांडला आहे असे समजावे. किती सांडला हे कळण्याचा मार्ग नसतो, म्हणून पुन्हा टोचू नये. वहीत तशी नोंद करावी आणि पुढच्या वेळी नेहमीचाच डोस द्यावा.

बाटली शीतकपाटात २ ते ८ अंशांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. गोठलेले इन्सुलिन वितळून जसेच्या तसे दिसले तरी निकामी झालेले असते. विदर्भातल्या मे महिन्यात, घरात चाळिशी गाठणाऱ्या उन्हात आणि जाणाऱ्या विजेत, ही काळजी विशेष घ्यावी लागते.

दवाखान्यातल्या एका तपासणीवर डोस न बदलण्याचे कारण मांजराच्या स्वभावात आहे. पिंजऱ्यात कोंबून, रिक्षातून नेऊन, कुत्र्यांच्या भुंकण्यात बसवलेल्या मांजराची साखर निव्वळ भीतीने ३०० च्या वर जाऊ शकते. मधुमेह नसलेल्या मांजरातही हे घडते. घरी, त्याच्या नेहमीच्या कोपऱ्यात घेतलेला आकडा म्हणूनच अधिक खरा मानला जातो. रक्त कानाच्या बाहेरच्या कडेवरून घ्यायचे असते. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला रुमाल अर्धा मिनिट कानाला लावला की रक्त सहज येते. कडेवर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवला तर थेंब केसांत न पसरता गोल राहतो. कानामागे कापसाचा बोळा धरावा, म्हणजे लॅन्सेट, म्हणजे टोचायची छोटी सुई, आपल्याच बोटात घुसत नाही. दर वेळी लगेच उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा दिला की आठवड्या-दोन आठवड्यांत बरीच मांजरे स्वतःहून येऊन बसतात. हे वाचताना अशक्य वाटते, पण मांजराची लालूच भल्याभल्या अडचणी सोडवते.

ग्लुकोमीटर कोणता, यालाही महत्त्व आहे. मांजराच्या रक्तात बहुतेक साखर रक्तद्रवात असते आणि तांबड्या पेशींत फार थोडी. माणसाच्या रक्तात पेशींचा वाटा बराच मोठा असतो. म्हणून माणसांसाठी जुळवलेला मीटर मांजराचा आकडा बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. अल्फाट्रॅकसारखे प्राण्यांसाठीचे मीटर यासाठीच आहेत. ते महाग पडत असतील तर साधा मीटर चालतो, पण तोच एक कायम वापरावा आणि डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी, म्हणजे ते मर्यादा त्यानुसार ठरवतील. या लेखातले आकडे प्राण्यांच्या मीटरचे धरले आहेत. ब्रिटन, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या वाचकांच्या मीटरवर वेगळे एकक असते. तिथे येथील आकड्याला १८ ने भागावे, म्हणजे १०० चे साधारण ५.५ होतात. त्वचेवर चिकटवायचा फ्रीस्टाइल लिब्रेसारखा सेन्सर १४ दिवसांपर्यंत सतत आकडे देतो आणि कान टोचणे वाचवतो. मात्र तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजत असल्याने काही मिनिटे मागे असतो, आणि त्याने फार कमी आकडा दाखवला तर रक्ताच्या थेंबाने खात्री करून घ्यावी लागते.

साखरेचा आलेख काढणे म्हणजे सकाळच्या खाण्याआधी आणि सुईआधी एकदा, आणि मग दर २ तासांनी पुढच्या सुईपर्यंत मोजणे. रविवारी घरी असणाऱ्यांना हे जमते. समजा, ५ किलोचा एक बोका आठवडाभर १ युनिटावर आहे. सकाळी ७ ला त्याची साखर ३४०, ९ ला २९०, ११ ला २२०, दुपारी १ ला १७५, ३ ला १९०, ५ ला २६० आणि संध्याकाळी ७ ला ३२० आली. यातला कामाचा आकडा १७५, म्हणजे त्या दिवसाचा तळ. ग्लार्जिनवरच्या मांजरात तळ ८० ते १५० च्या दरम्यान असावा असे साधारण उद्दिष्ट असते. येथे तळ त्याच्या वर आहे आणि लक्षणेही कायम आहेत, म्हणून डोस दीड युनिट करण्यास वाव आहे. पुढच्या आठवड्यात त्याच वेळांना आकडे आले ३००, २१०, १३०, ९५, १२०, २००, २८०. सकाळचे ३०० पाहून हात पुन्हा शिवशिवतात, पण तळ ९५ वर आलेला आहे. आता डोस वाढवला तर सकाळचे ३०० थोडेसे उतरतील आणि दुपारचे ९५ धोक्याच्या रेषेखाली जातील. येथे तोच डोस चालू ठेवणे हाच उपचार आहे, कारण साखर रोज काही तास आवाक्यात राहू लागली की स्वादुपिंड सावरते आणि सकाळचे आकडेही मागाहून उतरतात.

आणखी दोन आठवड्यांनी त्याच बोक्याचा सकाळचा आकडा ३१५ आणि दुपारचा ६२ आला, तर काय करावे? आधी खाली सांगितल्याप्रमाणे साखर उतरल्यावरचे उपाय करावेत आणि पुढचा डोस १ युनिटावर आणावा. सकाळी ३१५ असताना डोस कमी करणे उलटे वाटते, आणि गोंधळ होतो तो नेमका येथेच. साखर फार उतरली की यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते, त्यामुळे खोल तळानंतर उंच शिखर दिसू शकते. ग्लार्जिन घेणाऱ्या मांजरांत ही उसळी पूर्वी समजली जाई तितकी वारंवार घडत नाही असे आता मानले जाते, पण त्या वादाचा या निर्णयावर परिणाम होत नाही : तळ ८० च्या खाली, म्हणजे डोस कमी. तळ योग्य आहे, पण इन्सुलिनचा असर आठ तासांतच ओसरतो असे आलेखात दिसले, तर दोष डोसमध्ये नसून इन्सुलिनच्या प्रकारात असू शकतो, आणि मग प्रकार बदलायचा की नाही हे डॉक्टर ठरवतात.

साखर उतरल्याची चिन्हे पाठच असावीत : अशक्तपणा, झोकांड्या, अचानक लागलेली वखवख किंवा उलट कोपऱ्यात लपून बसणे, बाहुल्या विस्फारणे, थरथर आणि शेवटी झटके. आकडा साधारण ६५ च्या खाली आला, किंवा मीटर हाताशी नसताना ही चिन्हे दिसली, तर आधी साखर द्यावी, मोजणे नंतर. मांजर शुद्धीवर असून खात असेल तर लगेच खायला घालावे आणि त्यावर थोडा मध किंवा साखरेचा पाक टाकावा. ते खात नसेल तर चमचाभर मध अथवा ग्लुकोजच्या पावडरीचा घट्ट पाक थोडा थोडा करून हिरड्यांना चोळावा; झटके येत असतील तेव्हा तोंडात बोट खोल घालू नये आणि पातळ द्रव घशात ओतू नये, तो श्वासनलिकेत जातो. साखरेऐवजी वापरायच्या गोड गोळ्यांचा येथे उपयोग नाही. मांजर सावरले तरी लगेच दवाखाना गाठावा, कारण त्वचेखालचा साठा पुढे कित्येक तास काम करत राहतो आणि मधाची साखर त्याआधीच संपते.

सुई द्यायची की नाही, असे प्रसंग अधूनमधून येतातच. मांजराने खाल्ले नाही, उलटी केली, किंवा सुईआधीचा आकडा नेहमीपेक्षा बराच खाली आला, तर अर्धा डोस द्यायचा की एक वेळ टाळायची, याची मर्यादा डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेली असावी. नवशिक्या घरांना अनेक डॉक्टर २०० च्या खाली विचारल्याशिवाय सुई देऊ नका असे सांगतात. सुई दिली की नाही याची शंका असेल, आईने दिली की ताईने हे आठवत नसेल, तर देऊ नये. एक डोस चुकल्याने विशेष बिघडत नाही, दोनदा दिल्याने बिघडते. शीतकपाटाच्या दारावर एक कागद लावून प्रत्येक सुईनंतर वेळ आणि सही टाकण्याची पद्धत यासाठी उत्तम. मात्र साखर उतरण्याच्या भीतीने दिवसचे दिवस इन्सुलिन बंद ठेवणेही तितकेच घातक आहे. इन्सुलिनविना शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन साचतात आणि मांजर खाणे टाकते, ओकते, मलूल पडते. कीटोन तपासण्याच्या पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात. लघवीत कीटोन आणि जोडीला मरगळ, म्हणजे सकाळची वाट पाहू नये.

आहाराचा डोसशी थेट संबंध आहे. मांजर मुळात मांसाहारी प्राणी आहे, आणि आपल्या घरांत त्याला दूधभात, दूधपोळी नाहीतर दिवसभर वाडग्यात पडलेले कोरडे दाणे मिळतात. या सगळ्यांत पिष्ट भरपूर असते. कमी पिष्टाच्या ओल्या खाण्यावर गेल्याने अनेक मांजरांची इन्सुलिनची गरज लक्षणीय घटते. हे चांगलेच आहे, पण येथेच एक सापळा आहे. दूधभात बंद करून मांस सुरू केले आणि डोस जुनाच ठेवला, तर काही दिवसांत साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. त्यामुळे आहार डॉक्टरांना सांगून, हळूहळू आणि मोजमाप वाढवून बदलावा. पाकिटातल्या रश्श्यालाही अनेकदा पिष्टाने दाटपणा आणलेला असतो, म्हणून रस्सेदार प्रकारापेक्षा गोळ्यासारखा घट्ट प्रकार बरा. आणि लठ्ठ मांजराला उपाशी ठेवून वजन उतरवू नये; त्याचे यकृत त्याने बिघडते.

डोस ५-६ युनिटांपर्यंत चढला आणि तरी साखर हलत नसेल, तर आणखी वाढवण्याआधी बाटली जुनी तर नाही, सिरिंज बरोबर आहे ना, सुई त्वचेखालीच जाते ना, हे तपासावे. त्यानंतर दात आणि हिरड्या, लघवीतला जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाची सूज, थायरॉइड यांकडे वळावे, आणि खाजेसाठी वा दम्यासाठी स्टेरॉइड दिले गेले आहे का, हे आठवून सांगावे. वाढीचे संप्रेरक जास्त स्रवणे हे कारणही वाटते तितके दुर्मीळ नाही : ब्रिटनमध्ये १,२२१ मधुमेही मांजरांची तपासणी झाली तेव्हा सुमारे चौथ्या हिश्शात ते असल्याचा अंदाज निघाला. सुईऐवजी तोंडाने द्यायची औषधे अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये मंजूर झाली आहेत, पण ती इन्सुलिन कधी न घेतलेल्या मांजरांसाठी आहेत. इन्सुलिन सोडून त्यांच्यावर उडी मारल्यास कीटोनचा धोका वाढतो.

इन्सुलिन बंद होण्याची आशा कितपत धरावी? ग्लार्जिन आणि घरची काटेकोर तपासणी यांवर आधारलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ मांजरांपैकी ६४ टक्के मांजरांचे इन्सुलिन सुटले. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही पद्धत सुरू झालेल्यांत ते प्रमाण ८४ टक्के होते आणि उशिरा सुरू झालेल्यांत ३५ टक्के. हे मालक असामान्य चिकाटीचे होते, हेही लक्षात घ्यावे. बदलाची चाहूल आकड्यांतच लागते : तोच डोस असताना तळ आठवड्यागणिक खाली येऊ लागतो, सुईआधीचे आकडेही २०० च्या खाली राहू लागतात. मग डोस अर्ध्या-अर्ध्या युनिटाने उतरवत अर्ध्या युनिटावर, पुढे दिवसातून एकदाच, असा आणला जातो, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून थांबवला जातो. त्यानंतरचे दोन आठवडे रोज, आणि पुढे आठवड्यातून एकदा कान टोचणे सुरूच ठेवावे लागते, कारण यांतल्या काही मांजरांचा मधुमेह परत येतो. आकडा पुन्हा सातत्याने २०० च्या वर दिसू लागला, तर पाणी पिणे वाढण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.